पडदा मंद कोणाचा, लॅपटॉपचा की डोळ्यांचा?

रात्रीचे नऊ वाजलेले. हाउसिंग सोसायटीचा वार्षिक हिशेब घेऊन साठीपुढचे एक गृहस्थ लॅपटॉपसमोर बसले आहेत. महिनाभरापासून त्यांची एकच तक्रार, "याचा पडदा फार मंद झालाय. आकडे धड दिसत नाहीत, तिनाचा आठ वाटतो." माहेरी आलेली मुलगी लॅपटॉप पुढ्यात ओढते आणि उजेड वाढवायचे बटण दाबते. तो आधीच शंभर टक्क्यांवर असतो. "बाबा, मला तर लख्ख दिसतंय!" "म्हणजे मी उगाच बोलतोय का?"

असा संवाद थोड्याफार फरकाने अनेक घरांत होतो. त्याचा शेवट कधी दुरुस्तीच्या दुकानात होतो, कधी नवा लॅपटॉप घेण्यात, तर कधी नेत्रतज्ज्ञांच्या खुर्चीत. मराठीत 'पडदा' हा शब्द लॅपटॉपच्या स्क्रीनसाठीही वापरतात आणि डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलासाठीही. मंदपणा यांपैकी कोणत्याही ठिकाणी असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे शोधण्याचा एक क्रम आहे. तो पाळला तर पैसे वाचतात आणि काही वेळा दृष्टीही.

आधी डोळ्यांची परीक्षा

लॅपटॉप उघडण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करावी. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

पहिली गोष्ट, तोच पडदा, त्याच खोलीत, त्याच जागी बसवून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला दाखवावा. शक्यतो वयाने लहान व्यक्तीला. तिलाही तो मंद वाटला, तर दोष यंत्रात असण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट, मोबाइल, टीव्ही आणि छापील वर्तमानपत्र पाहावे. हे सगळेच पूर्वीपेक्षा फिकट, धुरकट किंवा पिवळसर वाटत असेल तर एकट्या लॅपटॉपला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकेक डोळा झाकून पाहणे. चष्मा असेल तर तो लावून, तळहाताने उजवा डोळा झाकावा आणि पांढऱ्या पडद्याकडे पाहावे. मग डावा झाकावा. पांढरा रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच पांढरा दिसायला हवा. एका डोळ्याला तो मळकट किंवा अंधारलेला दिसला, तर लॅपटॉप निर्दोष आहे. एक डोळा हळूहळू मंदावला तर दुसरा त्याची उणीव भरून काढतो. दोन्ही डोळे उघडे असताना हा बदल महिनोन् महिने कळत नाही. म्हणून ही साधी चाचणी मोलाची ठरते.

इथे एक इशारा. काही मिनिटांत किंवा तासांत एका डोळ्याची नजर मंदावली, बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटले, प्रकाशाचे झोत चमकले, अचानक खूप ठिपके तरंगू लागले, किंवा डोळा दुखून दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर सेटिंग तपासत बसू नये. दृष्टिपटल सुटणे, डोळ्याची रक्तवाहिनी बंद होणे, काचबिंदूचा तीव्र झटका येणे, या तातडीने उपचार करण्याच्या गोष्टी आहेत. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, नेत्ररुग्णालय गाठावे.

उजेड येतो कुठून?

दोष यंत्रात आहे असे दिसले, तर पडदा चालतो कसा हे थोडे समजून घेतल्यास पुढचे सोपे जाते.

बहुतेक लॅपटॉपचा पडदा एलसीडी प्रकारचा असतो. एलसीडी म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते फक्त प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात. खिडकीच्या झडपांची उघडझाप व्हावी, तसे त्यांचे काम. प्रकाश येतो तो मागच्या दिव्यांतून. त्याला बॅकलाइट म्हणतात.

द्रवस्फटिकांचा शोध १८८८ सालचा. फ्रीडरिश रायनित्झर हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ प्राग येथे गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलपासून तयार केलेला एक पदार्थ तापवत होते. तो १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळला, पण गढूळ राहिला. १७८ अंशांच्या पुढे गेल्यावर स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू होते. मधल्या गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता, पण त्याच्या रेणूंची मांडणी स्फटिकासारखी शिस्तबद्ध होती. हे रेणू विजेच्या दाबाने वळवता येतात आणि त्यामुळे प्रकाशाची वाट बदलता येते. त्या गुणावर आजचा पडदा उभा आहे. या क्षेत्रात भारताचाही वाटा आहे. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवून दिले. अशा रेणूंची पातळ फिल्म लावून पुढे पडदे बाजूने पाहतानाही नीट दिसावेत अशी सोय करता आली.

मागच्या दिव्याचा प्रवास मात्र खडतर असतो. पडद्याच्या कडेला, बहुधा खालच्या बाजूला, बारीक एलईडींची पट्टी असते. तिचा प्रकाश पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाटीतून सगळीकडे पसरतो. मग तो ध्रुवीकरण करणाऱ्या दोन फिल्म आणि लाल, हिरवा, निळा यांच्या गाळण्यांमधून पार होतो. पहिली फिल्म निम्मा प्रकाश गिळते, रंगांची गाळणी उरलेल्यातला सुमारे दोन तृतीयांश. शेवटी मागच्या दिव्यांचा साधारण ५ ते १० टक्केच प्रकाश डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून मागे थोडे जरी बिघडले, तरी पुढे फरक जाणवतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये एलईडीऐवजी बारीक नळीचा दिवा असे. ट्यूबलाइटचाच धाकटा भाऊ. त्याला शेकडो व्होल्टचा दाब पुरवण्यासाठी 'इन्व्हर्टर' नावाची छोटी पट्टी असे. ती बिघडली की पडदा काळवंडे. नळी म्हातारी झाली की सुरू करताना पडदा गुलाबी छटेचा दिसे. २०१० सालाच्या आसपास एलईडींनी ही नळी जवळजवळ हद्दपार केली. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळी एलईडी असते आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर असतो. निळ्या एलईडीसाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

काही महागड्या लॅपटॉपमध्ये ओएलईडी पडदा असतो. त्याला मागचा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. वापराप्रमाणे हे ठिपके, विशेषतः निळे, मंदावत जातात. तेच चित्र तासन् तास राहिले तर त्याचा डाग उमटू नये म्हणून काही यंत्रे आपणहून उजेड कमी करतात. तो बिघाड नव्हे.

पडदा तोच, खोली वेगळी

अनेकदा पडद्यात काहीच बदललेले नसते, भोवतालचा उजेड बदललेला असतो. पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात. साध्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर २५० ते ३०० निट देतो. रात्रीच्या खोलीत दिव्याखाली ठेवलेला पांढरा कागद साधारण ५० ते १०० निट असतो. तिथे लॅपटॉप झगझगीत वाटतो. तोच कागद भर दुपारच्या उन्हात ठेवला, तर तो २५ हजार निटच्या आसपास जातो. त्याच्या शेजारी लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर दिसणार, यात नवल नाही. शिवाय चकचकीत काचेवर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि अक्षरे धुऊन निघाल्यासारखी दिसतात.

म्हणून लॅपटॉपची जागा आधी बदलून पाहावी. खिडकी पाठीशी किंवा थेट समोर नको, बाजूला असावी. पडद्याचा कोनही पाहावा. स्वस्त पडदे खालून किंवा वरून पाहिले की मंद आणि उलट्या रंगांचे दिसतात. झाकण थोडे मागे-पुढे केले की सुधारतात. बाजूच्या माणसाला दिसू नये म्हणून लावलेली 'प्रायव्हसी' फिल्म समोरूनही बराच उजेड खाते. आणि धूळ, तेलकट बोटे, वाफेचे डाग यांचा थर आपल्याला वाटतो त्याहून जाड असतो. लॅपटॉप बंद करून, मऊ मायक्रोफायबर कापड पाण्याने किंचित ओले करून हलक्या हाताने पुसावे. पडद्यावर थेट फवारा मारू नये. काच पुसायचे अमोनियायुक्त द्रव तर वापरूच नये.

सेटिंगची शोधमोहीम

पडदा हा लॅपटॉपमधल्या सर्वाधिक वीज खाणाऱ्या भागांपैकी एक. म्हणून बॅटरी वाचवायची म्हटले की यंत्र सर्वांत आधी पडद्याचा उजेड कमी करते. अनेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. तपासणीचा क्रम असा ठेवावा.

कीबोर्डच्या वरच्या ओळीत सूर्याचे चित्र असलेली दोन बटणे असतात. ती थेट किंवा 'एफएन' बटणाबरोबर दाबून पाहावीत. लहान मुलांच्या हातून किंवा पुसताना ती दाबली जाणे अगदी सर्रास घडते.

मग चार्जर लावून आणि काढून पाहावे. चार्जर लावताच पडदा उजळत असेल, तर दोष बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा. विंडोजमध्ये बॅटरी ठरावीक मर्यादेखाली गेली की 'बॅटरी सेव्हर' किंवा 'एनर्जी सेव्हर' सुरू होतो आणि उजेड उतरवतो. मॅकमध्ये बॅटरीवर चालताना पडदा किंचित मंद ठेवण्याचा पर्याय बॅटरीच्या सेटिंगमध्ये असतो.

तिसरी पायरी आपोआप होणाऱ्या बदलांची. काही लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याजवळ खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर असतो. कॅमेरा झाकण्यासाठी चिकटवलेली पट्टी किंवा टिकली या सेन्सरवर आली, तर यंत्राला वाटते की अंधार आहे, आणि ते पडदा मंद करते. पट्टी काढून पाहावी. विंडोजच्या 'डिस्प्ले' सेटिंगमध्ये उजेड आपोआप बदलण्याची खूण असते. ती काढून टाकता येते. तिथेच आणखी एक खूण असते, पडद्यावरच्या मजकुरानुसार उजेड कमी-जास्त करणारी. काळी खिडकी उघडली की सगळा पडदा मंदावतो आणि पांढरी उघडली की उजळतो, अशी तक्रार असेल तर दोषी हीच. इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राफिक्स सेटिंगमध्येही अशाच वीजबचतीच्या सोयी असतात.

'नाइट लाइट' सुरू असेल तर पडदा पिवळसर दिसतो. त्यालाही अनेक जण मंदपणा समजतात. 'एचडीआर' सुरू असेल तर साधा मजकूर फिका दिसू शकतो.

विंडोज अद्ययावत झाल्यानंतर उजेडाची पट्टीच गायब झाली असेल, तर पडद्याचा ड्रायव्हर तपासावा. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये डिस्प्लेच्या ओळीत इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांच्याऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असे दिसले, तर योग्य ड्रायव्हर नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून तो पुन्हा घ्यावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली की ग्राफिक्स नव्याने सुरू होते. क्षणभर पडदा काळा होऊन परत येतो. हाही उपाय करून पाहण्यासारखा.

एवढ्याने फरक पडला नाही, तर लॅपटॉप सुरू होतानाच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी कंपनीने ठरवलेले बटण दाबून 'बायोस'मध्ये जावे. तिथे विंडोज अजून सुरू झालेले नसते. तिथेही पडदा मंदच असेल, तर सेटिंगचा शोध थांबवावा. आता दोष पडद्यात, वायरीत किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या भागात आहे.

टॉर्चची परीक्षा

पडदा इतका मंद आहे की जवळजवळ काळाच, पण लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज येतो, अशा वेळी दुरुस्ती करणारे एक जुनी युक्ती वापरतात. खोलीत अंधार करायचा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याच्या जवळ तिरपी धरायची. उजेडात खिडक्या, चिन्हे, अक्षरे अंधुक दिसली, तर चित्र तयार होत आहे, फक्त मागचा दिवा पेटत नाही. टॉर्च धरूनही काहीच दिसले नाही, तर लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडावा. तिथे चित्र नीट आले, तर बिघाड पडद्यात किंवा त्याच्या वायरीत. तिथेही आले नाही, तर ग्राफिक्स किंवा मदरबोर्डपर्यंत जावे लागेल.

झाकण हळूहळू उघडत-मिटत पडद्याकडे पाहावे. ठरावीक कोनावर पडदा उजळत-मंदावत असेल, लुकलुकत असेल, तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या वायरीवर. दिवसातून दहादा झाकण उघडले, तर वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त वेळा ती वायर वाकते. तिच्यातली एखादी तार तुटली की मागच्या दिव्यांचा पुरवठा कमी होतो किंवा तुटतो.

खालच्या कडेला काळे पट्टे आणि मध्ये उजेड, रंगमंचावरच्या दिव्यांसारखे, असे दिसले तर दिव्यांची एखादी माळ बंद पडलेली असू शकते किंवा वायर सदोष असू शकते. पाणी, चहा सांडल्यानंतर किंवा कोकणातल्या पावसाळी दमट हवेत लॅपटॉप बरेच दिवस बंद पडून राहिल्यानंतर मंदपणा आला असेल, तर गंजलेल्या जोडणीचा किंवा मदरबोर्डवरच्या बारीक फ्यूजचा संशय घ्यावा. असे काहीच झालेले नाही, पण सात-आठ वर्षांच्या रोजच्या वापराने पडदा एकसारखा मंदावला आहे, तर ती एलईडींची झीज. झिजलेल्या दिव्यांवर सेटिंगचा उपाय नाही.

इथून पुढे स्वतः पेचकस घेऊन बसू नये. लॅपटॉपचा पडदा पातळ असतो, चिमटीच्या दाबानेही तडकतो. जुन्या नळीच्या दिव्यांत जिवाला धक्का देणारा विजेचा दाब असतो आणि नळीत पारा असतो. बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप चार्ज करणे त्याच क्षणी थांबवावे.

दुकानात जाताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या ठिकाणचे एखादे छोटे दुकान, ग्राहकाने वर सांगितलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष नेमक्या शब्दांत सांगितले, तर निम्मे काम होते. "बायोसमध्येही मंद आहे, टॉर्चने चित्र दिसते, बाहेरच्या मॉनिटरवर ठीक आहे," एवढे वाक्य पुरेसे आहे. यात मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला कोणी लगेच दिला, तर कारण विचारावे. अशा लक्षणांत साधारणपणे आधी वायर, मग पडदा आणि त्यानंतर बोर्डवरचा फ्यूज किंवा दिव्यांचे सर्किट तपासतात. वायर सर्वांत स्वस्त, मदरबोर्ड सर्वांत महाग. विद्यार्थ्याचा हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप असेल, तर हा फरक घरखर्चाचा असतो.

पडदा बदलायचाच असेल, तर नव्या पडद्याचा उजेड किती निट आहे हे विचारावे. पूर्वी ३०० निटचा पडदा होता आणि बसवला २२० निटचा, तर नव्या पडद्यावरही तीच तक्रार राहणार. काढलेला जुना भाग परत मागावा, बिल घ्यावे आणि लॅपटॉप देण्याआधी आपल्या फायलींची प्रत काढून ठेवावी. टाकाऊ पडदा कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

मंद पडद्याने डोळे बिघडतात का?

मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे खराब होतात, ही समजूत घरोघरी आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत तिला आधार नाही. मंद पडद्याने डोळे थकतात, दृष्टी जात नाही. मात्र थकवा खरा असतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक कमी झाला की माणूस नकळत पुढे झुकतो, कपाळाला आठ्या घालतो, डोळे बारीक करतो. दिवसभर असे बसल्यावर मान, खांदे आणि कपाळ दुखते.

त्यात पापण्यांचा प्रश्न. गप्पा मारताना माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण बरेच घटते, अनेकांचे निम्म्याहूनही खाली जाते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात आणि चित्र धुरकट होते. पापण्या मिटल्या की क्षणभर स्वच्छ दिसते. असे होत असेल, तर तोही 'मंद पडदा' नव्हे, कोरडा डोळा आहे. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहावे, हा नियम त्यासाठीच. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट डोळ्यांवर नसावा.

उलट टोकही टाळावे. अंधाऱ्या खोलीत पडदा पूर्ण उजेडावर ठेवणे डोळ्यांना तितकेच त्रासदायक. यासाठी एक घरगुती माप आहे. पडद्यावर पांढरे पान उघडावे आणि शेजारी कोरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर उजेड जास्त, कागदापेक्षा करडा वाटत असेल तर कमी. दोन्ही सारखे दिसतील तिथे थांबावे.

काहींना नेमका कमी उजेडावरच डोकेदुखीचा त्रास होतो. त्याचे कारण असे, की काही पडदे उजेड कमी करण्यासाठी दिवे खरोखर मंद करत नाहीत. ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ही लुकलुक दिसत नाही, पण काही संवेदनशील व्यक्तींना ती जाणवते. अशांनी लॅपटॉपचा उजेड थोडा वाढवून खोलीतलाही उजेड वाढवावा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात जोरात असते. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने संगणकासाठी अशा चष्म्यांची शिफारस केलेली नाही. २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यातही डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होत असल्याचा भरवशाचा पुरावा आढळला नाही. तेवढे पैसे योग्य नंबरच्या चष्म्यावर खर्च करणे शहाणपणाचे. चाळिशी लागल्यावर वाचनाचा चष्मा साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी दिलेला असतो. लॅपटॉप त्याहून दूर असतो. तपासणीच्या वेळी हे अंतर मोजून सांगावे.

डोळाच मंदावतो तेव्हा

वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठाव्या वर्षी दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो, असा अंदाज नेत्रविज्ञानात मानला जातो. म्हणजे मुलीला लख्ख दिसणारा पडदा वडिलांना मंद वाटतो, तेव्हा दोघेही खरेच बोलत असतात. वडिलांनी खोलीत दिवा वाढवावा, अक्षरे मोठी करावीत आणि काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे, यांतले जे सोयीचे वाटेल ते निवडावे.

पण सगळे वयावर ढकलू नये. भिंग गढूळ होऊ लागले की तो मोतीबिंदू. पांढरा रंग पिवळट दिसतो, निळा विटल्यासारखा होतो, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांत पसरतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उतारवयातील चित्रांत लाल-तपकिरी रंग वाढत गेले, ते मोतीबिंदूच्या काळात. १९२३ साली त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच आढळले. आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करून नजर परत मिळवता येते. पिवळे भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की अनेक रुग्णांना दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा जाणवते ती आकाशाची निळाई.

काचबिंदू वेगळा. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, मधली नजर शेवटपर्यंत टिकते आणि कडेची निसटत जाते. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांच्या दाबाची आणि मज्जातंतूची नियमित तपासणी हवी. मधुमेह असेल तर तक्रार नसली तरी वर्षातून एकदा औषधाने बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. तरुण वयात एका डोळ्याला लाल रंग अचानक विटका दिसू लागला आणि डोळा हलवताना दुखू लागले, तर डोळ्याच्या मज्जातंतूला सूज आल्याची शक्यता असते; तिथेही थांबू नये.

सुरुवातीच्या गृहस्थांकडे वळायचे, तर मुलीने करायची पहिली गोष्ट म्हणजे वाद थांबवणे. दुसरी, बाबांना एकेक डोळा झाकून पांढरा पडदा दाखवणे. लॅपटॉप उद्या दुकानात नेला तरी चालतो. उजव्या डोळ्याला तो पिवळा आणि डाव्याला पांढरा दिसत असेल, तर सोसायटीचा हिशेब आठवडाभर थांबू द्यावा आणि आधी नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्यावी.

थोडक्यात

• दुसऱ्याला दाखवा, दुसरे पडदे पाहा, एकेक डोळा झाकून पाहा.
• जागा, कोन, धूळ आणि कॅमेऱ्याजवळची पट्टी तपासा.
• चार्जर लावून-काढून पाहा. वीजबचत आणि आपोआप उजेड बदलणारी सेटिंग बंद करून पाहा.
• बायोसमध्येही मंद असेल तर दोष यंत्राच्या भागात आहे. टॉर्च आणि बाहेरच्या मॉनिटरने तो कुठे आहे ते ओळखा.
• दुरुस्तीआधी फायलींची प्रत काढा. नव्या पडद्याचे निट विचारा.
• नजर अचानक मंदावली तर लॅपटॉप बाजूला ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.